सणाच्या दिवशी घरातच रहस्य-खेळ: लहान मुलं असताना कसा रचावा?

निळी_शाई
यंदा सणाला सगळी भावंडं आमच्याकडे जमणार आहेत. पोरांचं वय चारपासून अकरापर्यंत, त्यांच्यावर एक चौदा वर्षांची भाची, आणि मोठ्यांत आजी-आजोबांपासून कॉलेजातल्या मावशीपर्यंत सगळे. मनात असं आहे की घरभर पसरलेलं एक रहस्य असावं, प्रत्येकाला एक पात्र मिळावं आणि सगळ्यांनी मिळून त्याचा छडा लावावा.

तयार संच पाहिले. बहुतेकांत खून, विषप्रयोग, मृत्युपत्रावरून भांडण. शिवाय प्रत्येक पाहुण्याला वाचायला जाडजूड पुस्तिका आणि त्यांच्यातलाच एकजण खुनी. मोठ्यांच्या रात्रीच्या मैफलीला ते ठीक आहे, पण मला धाकट्यांना खेळात खरोखर सामील करून घ्यायचंय. 'तू लहान आहेस, नुसता बघ' असं कुणालाही म्हणायचं नाही.

अडलंय ते इथे. खुनाऐवजी काय ठेवावं? ज्यांना वाचता येत नाही त्यांना पात्र कसं द्यावं? चोर मुलांपैकीच कुणाला करावं का? आणि खेळ किती वेळ चालावा? ज्यांनी घरी असं काही केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

भिंगवाली_मावशी
चोर चार वर्षांच्या पोराला करून बघा. पात्र हातात पडल्या पडल्या तो घरभर ओरडत फिरेल, 'मी चोर आहे, मला शोधा!' आमच्याकडे अगदी असंच झालं आणि सगळे इतके हसले की खेळ तिथेच संपला. :)

खडू_फळा
मावशी, त्यात त्या पोराचा काही दोष नाही. मी बालवाडीत शिकवते, हे रोज बघते. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी माहिती असू शकते, हे कळायलाच एक वय यावं लागतं. यावरचा प्रसिद्ध प्रयोग विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडला. पुढे १९८५ मध्ये बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी सॅली आणि अ‍ॅन या दोन बाहुल्या वापरून तो केला. सॅली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, अ‍ॅन ती काढून डब्यात ठेवते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा म्हणतात, डब्यात. गोटी डब्यात आहे हे त्यांना स्वतःला माहीत असतं, म्हणून सॅलीलाही ते माहीतच असणार असं ती धरून चालतात. चार-पाचच्या सुमारास उत्तर बदलायला लागतं.

म्हणजे ज्या खेळाचा सगळा डोलारा गुपित राखण्यावर उभा आहे, त्यात चार वर्षांच्या मुलाकडून त्याला न झेपणारी गोष्ट मागितली जाते. त्याला गुपित द्यायचंच नाही. त्याला द्यायचं काम. 'तू दिवावाला. अंधाऱ्या कोपऱ्यात काय आहे ते फक्त तुझ्याच विजेरीत दिसतं.' मग ताई-दादांना त्याच्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

अर्धविराम
+१ खडू_फळा. 'गुपित नको, काम द्या' हे लिहून ठेवतोय.

खुनाऐवजी काय, याचं माझं उत्तर: काहीतरी हरवलंय. तेही असं काहीतरी की ज्याच्यावाचून सण अडेल. सजावटीतला सोनेरी तारा, भेटींची यादी, आजीच्या पेटीची किल्ली. मुलांना ती वस्तू आधी दाखवा, हातात द्या, आणि तासाभराने ती गायब करा. कधी न पाहिलेल्या हिऱ्याची चोरी झाली तर सहा वर्षांच्या मुलाला त्याचं काहीच वाटत नाही. सकाळी आपण स्वतः टांगलेला तारा जागेवर नाही म्हटल्यावर मात्र ते पेटून उठतं.

पाचवा_फासा
भूमिका-खेळांच्या बाजूने थोडं लिहितो. फासे टाकून गोष्ट पुढे नेण्याचा हा प्रकार गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मुळे १९७४ पासून पसरला. त्याची नियमावली लहान मुलांना जड जाते. पण खास लहानांसाठी लिहिलेले सोपे खेळही आहेत. मार्टिन लॉइड यांच्या 'अमेझिंग टेल्स'मध्ये मूल आपल्या पात्राला काय काय चांगलं जमतं अशा चार गोष्टी सांगतं, 'मी शूर आहे', 'मला प्राण्यांशी बोलता येतं' वगैरे. सगळ्यात चांगलं जमतं त्याला १२ बाजूंचा फासा, मग १०, ८ आणि ६ चा. तीन किंवा जास्त पडले की जमलं. संपला नियम.

वेगवेगळे फासे नसतील तर साध्या फाशावरही तीन किंवा जास्त हाच नियम चालतो. सहापैकी चार वेळा यश मिळतं, लहानग्यांना एवढंच प्रमाण हवं. मात्र एक पथ्य पाळा: पुरावा सापडणं फाशावर सोडू नका. रॉबिन लॉज यांनी 'गमशू' नावाची खेळपद्धत काढली. तिचं म्हणणं असं की रहस्यकथेत मजा पुरावा सापडण्यात नसते, सापडलेल्या पुराव्याचा अर्थ लावण्यात असते. म्हणून योग्य जागी योग्य माणूस पोचला की मुख्य पुरावा मिळालाच पाहिजे. फासा ठेवा तो धमाल गोष्टींसाठी. मांजर पळून जाते का, कपाटावरून उडी जमते का, पहारेकऱ्याला झोप लागते का.

तळटीप
याला जोडूनच, भूमिका-खेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन पुराव्यांचा नियम सांगते. मुलांनी ज्या निष्कर्षावर यावं असं वाटतं, त्या प्रत्येकासाठी किमान तीन पुरावे पेरा. एक त्यांच्या नजरेतून सुटेल, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतील, तिसऱ्यामुळे गाडी रुळावर येईल. घरी लहान मुलं असतील तर मी चार म्हणेन, कारण एखादा पुरावा धाकट्याच्या खिशात जाऊन बसतो आणि रात्री कपडे धुवायला टाकतानाच सापडतो.

सोंगाड्या
सगळे एका गोष्टीला बगल देताय. उत्तर आधी ठरलेलं असावं की नसावं?

माझं मत स्पष्ट आहे, नसावं. जेसन कॉर्डोव्हा यांच्या 'ब्रिंडलवुड बे' या खेळात खरा गुन्हेगार आधी कुणालाच माहीत नसतो, खेळ चालवणाऱ्यालासुद्धा. पुरावे गोळा होतात, खेळाडू मिळून आपला तर्क मांडतात, मग फासे पडतात आणि तो तर्क खरा ठरतो की नाही ते कळतं. लहान मुलांशी खेळताना मी हेच करतो. पुरावे पेरतो, पण चोर ठरवत नाही. मुलं काय बोलतात ते कान देऊन ऐकतो. सात वर्षांची पुतणी म्हणाली, 'तारा खारीने नेला, तिच्या पिल्लांना अंधाराची भीती वाटते म्हणून.' याच्याहून चांगला उलगडा मला जन्मात सुचला नसता. तोच खरा ठरवला.

चौकस
अजिबात पटलं नाही. मग पुरावे कशासाठी? माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. बाबा ऐन वेळी उत्तर बदलतोय हे तिला लगेच कळतं, आणि एकदा कळलं की तिचा जीवच उडतो त्या खेळावरून. पायाचा ठसा मोजला, तो सगळ्यांच्या चपलांशी ताडून पाहिला आणि नाव बरोबर निघालं, यात जो आनंद आहे तो 'तू म्हणशील ते खरं' यात नाही. कोडं हे कोडंच असलं पाहिजे. मुलांच्या बुद्धीचा मान राखायचा तर त्यांना चुकण्याची संधीही द्यायला हवी.

सोंगाड्या
नऊ वर्षांच्या मुलीसाठी मान्य. चार-पाच वर्षांच्यांना 'चूक' म्हटलं की काय होतं ते बघितलंय का? जोरजोरात रडणं आणि खेळ बंद. आणि चौकस, गोष्ट रचणं हेसुद्धा बुद्धीचंच काम आहे.

चौकस
रडणं टाळण्यासाठी उत्तर वाकवायची गरज नाही. चुकीच्या तर्कातूनही काहीतरी हाती लागू द्यावं. काकांवर खोटा आळ आला तर काका म्हणतील, 'मी तारा घेतला नाही, पण खिडकीत कुणाची तरी सावली मात्र पाहिली.' तर्क चुकला, तपास पुढे सरकला.

खडू_फळा
तुम्ही दोघं वेगवेगळ्या वयाबद्दल बोलताय आणि दोघंही बरोबर आहात. आमच्याकडे मी याची वाटणी केली होती. कुणी नेला आणि आत्ता कुठे आहे, हे पक्कं ठरलेलं. ते मोठ्या मुलांनी पुराव्यांवरून शोधायचं. का नेला, हे पूर्ण मोकळं. ते धाकट्यांनी ठरवायचं. पकडलेल्या चोराला शेवटी सगळ्यात लहान मूल विचारतं, 'तू का घेतलास?' चोर म्हणतो, 'तुला काय वाटतं?' मूल जे म्हणेल ते खरं. मोठ्यांचं कोडं शाबूत राहतं आणि गोष्टीचा शेवट धाकट्यांच्या हाती जातो.

चौकस
हे आवडलं. 'का' मोकळं ठेवायला माझी हरकत नाही.

निळी_शाई
वा, एवढ्याशा वेळात किती मिळालं! खडू_फळा, 'कुणी' आणि 'का' ही वाटणी मी नक्की वापरणार. पुरावे नेमके कसे बनवायचे हे कुणी सांगेल का? घरात जे असतं त्यातूनच हवेत.

प्रयोगवही
हा माझा आवडता विषय, जरा लांबण लागेल.

अदृश्य चिठ्ठी: पांढऱ्या मेणखडूने पांढऱ्या कागदावर लिहा. मुलांनी वरून पातळ जलरंग फिरवला की मेणावर रंग धरत नाही आणि अक्षरं उमटतात. चार वर्षांच्यालाही जमतं. लिंबाच्या रसाची चिठ्ठी उष्णतेवर धरावी लागते, म्हणून ती मोठ्यांच्याच हातात. तिसरा प्रकार: खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून त्याने लिहा, वाळू द्या, वरून हळदीचं पाणी फिरवा. सोडा अल्कधर्मी असल्याने हळद तेवढ्या जागी लालसर होते. जुने कपडे घालूनच करा, हळदीचे डाग निघता निघत नाहीत.

कुणाच्या पेनाने लिहिलं: हा माझ्या मते सगळ्यात भारी पुरावा. वेगवेगळ्या बनावटीची काळी स्केचपेनं तीन संशयितांना द्या. चिठ्ठी त्यातल्या एकाने टिपकागदावर लिहिलेली. तिची एक पट्टी कापा, खालचं टोक पाण्यात बुडवा, शाई पाण्याच्या वर राहील असं बघा. पाणी वर चढताना काळ्या शाईतले रंग सुटे होतात, कुठे निळा, कुठे जांभळा, कुठे पिवळा. मग तिन्ही पेनांच्या पट्ट्या तशाच करून ताडून पाहायच्या. पेन पाण्यात विरघळणाऱ्या शाईचंच हवं, पक्क्या शाईचा मार्कर तसाच्या तसा राहतो. आणि आदल्या दिवशी करून बघा, काही काळ्या पेनांत रंग फारसे सुटतच नाहीत.

बोटांचे ठसे: पेन्सिलीचं शिसं कागदावर दाट घासा, त्यावर बोट दाबा, बोटावर चिकटपट्टी लावून उचला, पांढऱ्या कागदावर डकवा. ठसा स्वच्छ येतो. यात एक अडचण आहे. बहुतेक लोकांच्या बोटांवर शंखाचाच आकार असतो, त्यामानाने चक्रं कमी आणि कमानी फारच थोड्या. म्हणून आधी सगळ्या संशयितांचे ठसे बघून घ्या आणि ज्याच्या बोटावर चक्र आहे त्याला चोर करा. नाहीतर सगळेच चोर निघतील. :)

इतिहासप्रेमी
ठशांवरून आठवलं, थोडं अवांतर. जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्युरो १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाला. ज्या वर्गीकरणाला पुढे 'हेन्री पद्धत' म्हणू लागले, ते बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. ठसे पाहताना मुलांना हे जरूर सांगा. माझ्या भाच्याने स्वतःच्या ओळखपत्रावर 'निरीक्षक हक' असं नाव घातलं होतं.

भिंगवाली_मावशी
निरीक्षक हक! हे नाव आमच्या पुढच्या खेळात येणार.

सांकेतिक भाषेसाठी चची भाषा विसरू नका. पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि सुरुवातीला च लावायचा. 'कपाटात बघ' झालं 'चपाटातक चघब'. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ती कानाने पकडता येते, आणि आजी-आजोबा त्यात मुलांपेक्षा तरबेज निघतात. मोठ्या मुलांसाठी बाराखडी सरकवा: क च्या जागी ख, ख च्या जागी ग. किंवा काना-मात्रा-वेलांटी काढून टाकून नुसती अक्षरं द्या आणि वाक्य ओळखायला सांगा. आमचा अकरा वर्षांचा त्यावर बराच वेळ नाक खुपसून बसला होता.

रातकिडा
एवढा खटाटोप कशाला? माफिया खेळा, आपल्यातच लपलेले गुन्हेगार ओळखायचा खेळ. डोळे मिटा, डोळे उघडा, झालं. काही बनवावं लागत नाही.

पाचवा_फासा
माफिया उत्तम खेळ आहे. दिमित्री डेव्हिडॉफ यांनी १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठात तो बसवला, नंतर त्याचंच लांडग्याचं रूप आलं. पण त्यात माणसं एकेक करून बाद होतात. सणाच्या दिवशी सहा वर्षांचं मूल पहिल्याच फेरीत बाद झालं आणि उरलेला वेळ कोपऱ्यात बसलं, तर त्याच्या लक्षात तेवढंच राहील. शिवाय तो सरळसरळ खोटं बोलण्याचा खेळ आहे, म्हणजे वर खडू_फळांनी लिहिलेली अडचण पुन्हा आलीच.

तयार खेळातच हात घालायचा असेल तर 'आउटफॉक्स्ड' बघा. कोल्ह्यांपैकी कुणी चोरी केली ते सगळ्यांनी एकत्र शोधायचं. खेळाडू एका बाजूला आणि पळणारा कोल्हा दुसऱ्या बाजूला. पाच वर्षांपासून पुढे चालतो. सहकाराने तपास कसा रंगतो ते त्यात दिसतं. घरचा खेळ रचण्याआधी एकदा खेळलात तर मुलांनाही संशयित वगळत जाण्याची सवय होईल.

रातकिडा
बाद होण्याचा मुद्दा पटला. आमच्यात सगळी मुलं बारा वर्षांच्या पुढची, म्हणून तसा विचार केला नव्हता.

अर्धविराम
आजी-आजोबांबद्दल कुणी फार लिहिलं नाही. त्यांना धावपळ नको असते, पण नुसतं प्रेक्षक होऊन बसायलाही नको वाटतं. त्यांना साक्षीदार करा. आपल्या खुर्चीतून उठायचं नाही, पात्र मात्र पूर्ण वठवायचं. प्रत्येक साक्षीदाराला तीनच गोष्टी माहीत: एक पाहिलेली, एक ऐकलेली, एक वास आलेली. मुलांनी नेमकं विचारलं तरच सांगायची. 'काय पाहिलं?' विचारलं तर पाहिलेलीच, ऐकलेली नाही. लहानगी एकदा तीन प्रश्न शिकली की स्वतःहून सगळ्या साक्षीदारांकडे जाऊन येतात. आमचे सासरे एरवी मुलांच्या गोंगाटाला कंटाळतात. त्यांना दीपगृहाचा रखवालदार केलं तर त्यांनी स्वतःहून वेगळा आवाज काढला, आणि मुलं प्रश्न संपले तरी त्यांना सोडेनात.

चांदणचुरा
एक गंभीर मुद्दा. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, मुखवट्यांना खूप घाबरतो. रोजचा काका अचानक वेगळ्या आवाजात बोलायला लागला की त्याला तो काका राहिलाय की नाही हेच कळत नाही. रहस्य म्हणजे अंधार, किंचाळी, अचानक दिवे जाणं असं समीकरण मोठे लोक सहज लावतात. अशा मुलांचं काय करावं?

खडू_फळा
चांदणचुरा, फार बरं झालं हे विचारलंत. चेहरा झाकायचाच नाही. पात्राची खूण हातात किंवा डोक्यावर असावी: टोपी, रुमाल, काठी. ती मुलांसमोर घालायची आणि मुलांसमोरच काढायची. 'टोपी घातली की मी रखवालदार, काढली की मी तुझा काका.' तुमच्या मुलाला ती टोपी घालण्या-काढण्याचा अधिकार द्या. भीती वाटली तर त्याने जाऊन टोपी काढायची, पात्र तिथेच थांबतं. दिवे घालवायचे असतील तर बटण मुलाच्याच हातात. आपल्या हाताने केलेला अंधार मुलांना पुष्कळदा चालतो, दुसऱ्याने केलेला चालत नाही.

चांदणचुरा
मनापासून आभार. टोपी काढण्याचा अधिकार त्याला नक्की आवडेल.

सोंगाड्या
चोर सापडल्यावर काय करता? आमच्याकडे मुलं एकमुखाने 'तुरुंग!' ओरडतात आणि मग मावशीला न्हाणीघरात कोंडायची भाषा सुरू होते.

तळटीप
मुलं शिक्षेत फार कडक असतात. :) मी न्यायसभा भरवते. प्रश्न एकच, 'काय केलं म्हणजे भरपाई होईल?' शिक्षा काय द्यायची हे विचारतच नाही. मग उत्तरं बदलतात. तारा परत लावून द्यायचा, सगळ्यांना गोष्ट सांगायची, पुढच्या वेळी न विचारता काही घ्यायचं नाही. चोराने ते सगळ्यांसमोर करायचं आणि मग त्यालाही पंगतीत बोलवायचं. सणाच्या दिवशी कुणीही बाहेर राहिलेलं नको.

निळी_शाई
सगळ्यांचं वाचून आराखडा केलाय, बघा बरं. सकाळी सगळी मुलं मिळून तारा टांगणार, दुपारी तो गायब. चोर कॉलेजातली मावशी, तिच्या अंगठ्यावर चक्र आहे हे आजच गुपचूप पाहून घेतलं. चौदा वर्षांच्या भाचीला माझी सहकारी केलंय, पुरावे तीच पेरणार. आजी-आजोबा खुर्चीतले साक्षीदार. अकरा आणि नऊवाल्यांना पेनाच्या पट्ट्या आणि सरकवलेली बाराखडी, सहा-सातवाल्यांना मेणखडूची चिठ्ठी आणि पायाच्या ठशाचं माप, धाकट्याकडे विजेरी आणि शेवटचा 'का'. वेळ साधारण पाऊण तास धरलाय. ठीक वाटतंय का?

चौकस
मस्त. पाऊण तासात धाकटा एकदा तरी निघून जाईल, जाऊ द्या. त्याचं काम सुरुवातीला आणि शेवटाला ठेवा, मध्ये त्याच्यावाचून काही अडणार नाही असं बघा. आणि जेवणाच्या आधी खेळू नका, भुकेली मुलं तपास करत नाहीत.

प्रयोगवही
पट्टीवर पाणी चढायला थोडी मिनिटं लागतात. ती खेळाच्या सुरुवातीलाच लावून ठेवा, म्हणजे मुलं साक्षीदारांकडे जाऊन येईपर्यंत निकाल तयार असेल.

भिंगवाली_मावशी
लपवताना गुडघ्यावर बसून बघा. आपल्याला टेबलावरची चिठ्ठी दिसते, सहा वर्षांच्याला टेबलाची खालची बाजू दिसते. लहानांचे पुरावे त्यांच्या उंचीवर आणि मोठ्या मुलांचे वरच्या फळ्यांवर ठेवा, म्हणजे ताई-दादा लहानांचं आधीच शोधून काढणार नाहीत. मणी-बटणं असं बारीक काही पुरावा म्हणून ठेवू नका, धाकटी पोरं तोंडात घालतात.

निळी_शाई
हे लक्षातच आलं नव्हतं. शेवटचा प्रश्न: एखादी चिठ्ठी खरंच फाटली किंवा हरवली तर?

तळटीप
प्रत्येक चिठ्ठीची दुसरी प्रत भाचीच्या खिशात ठेवा. मुलं अडली की तिने पोस्टमन होऊन यायचं: 'टपाल आहे!' आमच्याकडे मुलांना पोस्टमन इतका आवडला की नंतर एकही चिठ्ठी हरवली नसताना त्यालाच पुन्हा पुन्हा बोलावत होती.